घुशीला दिलेला आवाज

मी घूस आहे. पडद्यावरची, घाबरू नका. लहान मुलांचं एक परदेशी कार्टून आहे, मराठीत येतं. त्यात कारखान्याच्या नाल्यातलं हिरवं पाणी पिऊन जनावरं बदलतात, दोन पायांवर उभी राहतात, बोलायला लागतात आणि शहरातल्या चोरांच्या मागं लागतात. मुंगूस, वटवाघूळ आणि साळिंदर हे तिघं हीरो. आणि तेच पाणी प्यालेली, भुयारं खणून बँका फोडणारी एक घूस. तिचा मराठी आवाज माझा. साळिंदराची आई आणि मुंगसाची शेजारीण याही मीच आहे, पण त्यांना कोण विचारतंय!

हे काम मी सोलापुरात घरी बसून करते. आम्ही राहतो ती खोल्यांची रांग एका माग-कारखान्याच्या डोक्यावर आहे. घरमालक खाली चादरी विणतात, आपापसात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. सकाळी माग सुरू झाले की आमच्या फरशीला मुंग्या येतात. कपबशा वाजतात. अशा ठिकाणी डबिंग करायचं म्हणजे डोंबल! पण मागांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते. सहा दिवस मी त्या खडखडाटात भाषांतर करते, पात्रांच्या तोंडाची उघडझाप मोजून त्यात मराठी शब्द बसवते, आणि सातव्या दिवशी आतल्या छोट्या खोलीत रेकॉर्डिंग. चारी भिंतींना घरमालकांच्याच जाड चादरी टांगल्या आहेत, आवाज घुमू नये म्हणून. एक दिवस म्हणजे एकच दिवस. चुकलं की पुढच्या आठवड्यापर्यंत थांबा, आणि पुण्याचा स्टुडिओ थांबत नाही.

त्यामुळे त्या दिवशी मी कुणाशी धड वागत नाही, हे कबूल करते. कुकर लावायचा नाही. नळ सोडायचा नाही. नवरा सकाळीच ऑफिसात पळतो, मुलगी शाळेत. उरते आई. तिनं बोलायचं नाही.

आई मंद्रूपजवळच्या आमच्या गावची. वडील गेल्यावर, गुडघे दुखायला लागल्यावर मी तिला इकडं आणलं. शेतातली बाई, तिला हळू आवाजात बोलणं माहीतच नाही. बांधावरून हाक मारायची सवय. ती स्वतःशी बोलते, भांड्यांशी बोलते, गॅसला दम देते. माझ्या मुलीला हाक मारायची तर “कुटं पळतीयास गं टवळे, हितं ये की!” अशी. टवळी, मुडदा, भवाने, हे सगळे तिचे लाडाचे शब्द. सुट्टीच्या दिवशी मी तिला ओठांवर बोट ठेवून दाखवायची आणि ती बिचारी दिवसभर तोंड मिटून शेंगा सोलत बसायची. जेवायला हाक मारायची म्हणून दारावर टिचकी मारायची, तीसुद्धा एक.

पहिले भाग आले तेव्हा सोबत पुण्याहून सूचना होती, घुशीला जरा गावरान टच द्या, मुलांना मजा वाटेल. मी नाकातला आवाज पाठवला, घोगरा पाठवला, किरकिरा पाठवला. दर वेळी तिकडून एकच उत्तर, “मॅडम, मजा नाही येत.” माझं डोकं फिरलेलं. दुपार टळत चालली होती, हातात तासभर उरला होता, आणि तेवढ्यात बाहेरून आईचा आवाज आला. बोक्यानं दुधाला तोंड लावलं असणार. “कुटं पळतुयास रं मुडद्या? हितं ये की! दावती तुला!”

मी ताडकन उठले. तिच्यावर ओरडायला दार उघडलं. तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. परत आत आले, दार लावलं, हेडफोन चढवला आणि तेच वाक्य म्हटलं. त्याच हेलात, फक्त दात आवळून, घशातून खरवडून. पडद्यावर घुशीचं तोंड माझ्या शेवटच्या शब्दाला बरोबर मिटलं. हा आनंद डबिंगवाल्यांनाच कळतो. परक्याच्या ओठात आपला शब्द चपखल बसला की अंगावर काटा येतो. मी तो तास संपेपर्यंत बोलत सुटले. आईच्या तोंडची जेवढी वाक्यं आठवली तेवढी घुशीच्या तोंडात कोंबली. “आगं बया बया!” “ह्ये काय आन् आता?” “लई शानी झालीस व्हय गं?” सगळी. पुण्याहून हसण्याची चित्रं आली, ओळीनं दहा-बारा.

मुंगूस, वटवाघूळ, साळिंदर मात्र पुस्तकातलं मराठी बोलतात. “थांब! तू पळून जाऊ शकत नाहीस!” असं. ते मीच लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं. हीरो म्हटल्यावर माझ्या हातून आपोआप तेच उतरलं, हे मला पुढं फार लागलं, पण तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

पहिला भाग लागला तेव्हा आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. घूस भुयारातून डोकं काढून बोलली आणि आई दचकली. “आगं, ही तर माज्यावानी बोलती की!” म्हणाली, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. संध्याकाळी तिनं गावाकडं मावशीला फोन लावला. “माजं बोलनं टीव्हीत आलंय. व्हय! लेकीनं घातलं.” खालच्या घरमालकीणबाईंना सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं. मला इतकं बरं वाटलं की मी तिला नवी साडी घेऊन आले.

घूस गाजली. हीरो राहिले बाजूला, पोरं घुशीच्या मागं. आमच्या गल्लीत सायकलवरची पोरं एकमेकांना “कुटं पळतुयास रं मुडद्या” म्हणायला लागली. माझ्या मुलीच्या वर्गात तर तिचा भाव वधारला, कारण घूस तिची आई. ती दुसरीत आहे, इंग्लिश मीडियम, घरी आमच्याशी स्वच्छ मराठी बोलते. स्वच्छ. बघा, शब्द कसा आला माझ्या तोंडात!

तर तिच्या वाढदिवसाला तिच्या सहा-सात मैत्रिणी घरी आल्या. मुंगसाचे मुखवटे होते, पुठ्ठ्याचे काटे लावलेली एक साळिंदर होती. घरभर धिंगाणा. आईनं सकाळपासून राबून पुऱ्या केल्या होत्या. ताटं मांडली आणि नेहमीसारखी हाक मारली, “टवळ्यांनो, हितं या की! गार हुतंय!”

पोरींनी वळून आईकडं बघितलं. मग एकीनं किंकाळी फोडली, “घूस! खरी घूस!” आणि सगळ्या आईवर तुटून पडल्या. “पकडा! चोराला पकडा!” कुणी साडी ओढली, कुणी हात धरले, ओढणीनं दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि तिला पलंगावर बसवलं. तो तुरुंग. आई हसत होती. “आगं सोडा, पुऱ्या गार हुतील,” म्हणत होती, आणि ती जितकी बोलायची तितक्या पोरी खिदळायच्या. माझी मुलगी सगळ्यांत पुढं.

मी काय केलं? मी फोन काढला आणि व्हिडिओ घेतला. हसून हसून माझा हात हलत होता, तो व्हिडिओही हललेला आहे. तसाच स्टुडिओला पाठवला. त्यांनी विचारलं, नेटवर टाकू का? मी म्हटलं, टाका की. कपाळ माझं!

त्यानंतर कधीतरी आई कमी बोलायला लागली. एका दिवसात झालं नाही, म्हणून मला कळलं नाही. गॅसला दम देणं थांबलं. मुलीला हाक मारण्याऐवजी ती उठून तिच्यापर्यंत जायची, दुखऱ्या गुडघ्यांनी, आणि खांद्याला हात लावायची. मला वाटलं तब्येत बरी नाही. डॉक्टरकडं नेलं, रक्त तपासलं, सगळं ठीक. मग एकदा भाजीवाली दारात आली. ती बोरामणीकडची, वर्षानुवर्षं आईशी तिचं जमलेलं, दोघी तासभर भांडायच्या एका जुडीवरून. आई तिला म्हणाली, “मेथी कशी दिली आहे?”

भाजीवाली आधी बघतच राहिली. मग म्हणाली, “काय वो मावशी, तब्बेत बरी हाय न्हवं?” आणि हसत सुटली. आई हसली नाही. जुडी घेऊन आत आली.

मी विचारलं, काय गं, काय झालं? म्हणाली, “काही नाही.” काही नाही! चाळीस वर्षांत मी तिच्या तोंडून ‘काय न्हाय’ सोडून दुसरं ऐकलेलं नव्हतं. पण मागांना उद्या सुट्टी होती, माझी तीस पानं बाकी होती, मी परत लॅपटॉपला चिकटले.

पुढं पुढं तर ती मुलीचं मराठीचं पुस्तक घेऊन बसायला लागली. चौथी शिकलेली बाई, बोट ठेवून वाचायची, ओठ हलायचे, आवाज नाही. मला वाटलं नातीचा अभ्यास घेते. मी नवऱ्याला कौतुकानं सांगितलंसुद्धा.

खरं काय ते मुलीकडून कळलं, आणि तेही तक्रार म्हणून. शाळा दोन गल्ल्या टाकून आहे, आई तिला आणायला जाते. एक दिवस मुलगी दप्तर आपटून म्हणाली, “आजी गेटवर काहीच बोलत नाही. नुसती उभी राहते. मला दिसतच नाही कुठंय ती.”

“मग तू विचार की तिला, का बोलत नाही.”

“मीच सांगितलं होतं ना,” ती म्हणाली. “तिनं हाक मारली की सगळे घूस घूस म्हणून ओरडतात. वॉचमनकाका पण. मी म्हटलं, आजी, शाळेत तू बोलू नको. बोलायचं तर नीट बोल. पण हात तरी हलव ना!”

माझं डोकंच फिरलं. हात उचललाच होता मी तिच्यावर. तिचं तोंड एवढंसं झालं, आणि ती जे म्हणाली त्यानं हात तिथंच राहिला. ती म्हणाली, “पण तूच तर तिला चोर केलंस.”

सात वर्षांची पोर. तिनं काही मनाला लावून म्हटलं नव्हतं, जे दिसतं ते सांगितलं होतं. टीव्हीत चांगले लोक कसे बोलतात, चोर कसे बोलतात, आणि आजी कशी बोलते. तिनं दोन अधिक दोन केले. गणित मी घालून दिलं होतं.

रात्रभर, दिवसभर, आठवडाभर मला बसवेना. मी पाचवीत सोलापूरच्या शाळेत आले तेव्हा माझ्याही तोंडी हाय-न्हायच होतं. वर्ग हसायचा. बाईंनी फळ्यासमोर उभं करून ‘नाही’ म्हणायला लावलं होतं, नीट येईपर्यंत. दिवाळीला गावी गेले ती नवं बोलणं घेऊनच. आईशीही तसंच बोलायला लागले आणि परत कधी बदलले नाही. ती उलट सगळ्यांना सांगायची, माजी लेक रेडिओवानी बोलती. त्या आवाजावर मी पोट भरते. म्हणजे तीस वर्षं मी तिची बोली तोंडात घेतली नव्हती, या घरात ती बोलणारी आई एकटीच होती, आणि ती बोली मला आठवली कधी, तर चोरासाठी आवाज हवा होता तेव्हा. सुट्टीच्या दिवशी तिनं बाहेर गप्प बसायचं, आणि मी आत दार लावून तिच्याच तोंडानं बँका फोडायच्या. मला माझीच शरम वाटली. अजून वाटते.

मी पुण्याला फोन लावला. तिथं आमची भाषा बघणारा एक तरुण माणूस आहे, सज्जन आहे, नेहमी हसून बोलतो. मी म्हटलं, पुढच्या भागांत घुशीचं बोलणं बदलायचंय. तो म्हणाला, “मॅडम, घूस हिट आहे. पुढचा सगळा सीझन तिच्यावर आहे.”

“मग मुंगूसही तसंच बोलू दे. हीरो गावाकडचा दाखवू.”

“पालकांची तक्रार येईल हो. मुलांची भाषा बिघडते म्हणतील.”

“आणि घुशीनं नाही बिघडत?”

“ती व्हिलन आहे ना,” तो म्हणाला, अगदी मनापासून समजावत.

मी म्हटलं, मग मी सोडते. मला वाटलं तो गयावया करेल. तो म्हणाला, “बघा, विचार करा. तसं इथं एक-दोघी आहेत, गावरान चांगलं करतात. तुमचे भाग ऐकून उचलतील.” फोन ठेवल्यावर मी चादरींच्या खोलीत जाऊन उभी राहिले. म्हणजे मी सोडलं तरी घूस बोलणार. आईच्याच हेलात बोलणार, आणि तोही माझ्याकडून उसना घेतलेला. मी एकटी त्यातून सुटले असते, आई नाही.

आईशी बोलायचं ठरवलं, पण कसं? माफी मागायची तर कशाची, हे तिला शुद्ध मराठीत समजावून सांगायचं? ‘आई, तुझ्या भाषेबद्दल मला आदर आहे’ असं? पारितोषिक वितरणासारखं? छे! मी ठरवलं, तिच्याशी तिच्यासारखं बोलायचं. नुसतं बोलायचं. ती आपोआप बोलायला लागेल. मला येत होतं की. मी त्यातलीच.

सुट्टीचा दिवस होता, खाली शांत. त्या दिवशी शाळेलाही सुट्टी, मुलगी हॉलमध्ये चित्र रंगवत होती. रेकॉर्डिंग मी ठेवलंच नव्हतं. आई स्वयंपाकघरात चटणीसाठी शेंगदाणे भाजत होती, सवयीनं गप्प, झारासुद्धा हळू फिरवत. मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले.

“आगं आये,” मी म्हटलं, “अशी गप का बसलीयास? बोल की काय तरी!”

माझ्याच कानांवर माझा विश्वास बसेना. दात आवळलेले, घसा खरवडलेला. तो आवाज घुशीचा होता. हॉलमधून मुलगी आनंदानं ओरडली, “आई घूस झाली!” आणि ब्रश टाकून, हातांची नखं करून मुंगसासारखी धावत आली. मी घसा साफ केला. पुन्हा म्हटलं, हळू, प्रेमानं, जमेल तितकं मऊ. तरी घूसच. मला दुसऱ्या कुठल्याच आवाजात ते बोलता येत नव्हतं. लहानपणी ज्या आवाजात बोलायचे तो जागेवर नव्हता. तिथं ही घूस बसली होती.

आईनं गॅस बंद केला आणि वळली. इतक्या दिवसांत तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

“ह्ये माजं न्हाय,” ती म्हणाली.

तिनं झारा ओट्यावर ठेवला.

“मी कवा असं दात खाऊन बोलले गं? पोरीला मी टवळी म्हनती, बोक्याला मुडद्या म्हनती, पर जीव लावून म्हनती. तुजी ती घूस खायाला उठल्यावानी म्हनती. मला वाटलं, मीच तशी बोलत आसंन. मला सवताला कुटं ऐकू येतंय? लेक इतकी शिकलेली, तिनं ऐकून केलंय म्हंजे तसंच आसंल. लाज वाटली मला. आता तू हितं हुबी ऱ्हाऊन बोललीस तवा कळलं. ह्ये माजं न्हायच.”

माझ्या डोळ्यांना धार लागली. मी म्हटलं, “आई, मला शिकव परत,” आणि हे मात्र माझ्या नेहमीच्या, रेडिओच्या मराठीत आलं.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. “तू तुजं बोल. मी माजं बोलती.”

मुलगी दारात उभी होती, हात अजून नखांसारखे धरलेले. आईनं परातीत दाणे ओतले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “काय बघतीयास गं टवळे? दानं घे की गरम गरम!”

पोरीचे ओठ हलले. हसू अगदी तोंडाशी आलं होतं, पण तिनं आधी माझ्याकडं बघितलं, हसायचं का म्हणून. मी मान हलवली नाही, डोळे वटारले नाहीत, काहीच केलं नाही. नुसती आईकडं बघत राहिले. पोरीनं माझ्याकडून नजर काढून आजीकडं बघितलं, हात खाली घेतले आणि ओंजळ पुढं केली.